घरात शब्द कोणाचा चालतो?

युगांडाच्या राजधानीत, कंपालात, मी काही वर्षं राहिले. नवऱ्याची नोकरी तिथे होती. मी समाजकार्य शिकलेली आणि पुण्यात किशोरींच्या गटांबरोबर काम केलेली, त्यामुळे रुबागा आणि मकिंडे या भागांतल्या वस्त्यांत स्त्री-पुरुष समानता आणि लैंगिक आरोग्य यांवर काम करणाऱ्या एका छोट्या स्थानिक गटात सामील झाले. प्रशिक्षणाची तयारी करायची, नोंदी ठेवायच्या, कार्यकर्त्यांबरोबर फिरायचं, हे माझं काम. लोकांशी बोलायचे ते वस्तीतलेच बाया-पुरुष, तेही लुगांडा भाषेत. परदेशात जाऊन असं काम करू इच्छिणारी आपली मुलं-मुली मला अधूनमधून विचारतात, म्हणून तिथे जे कळलं ते लिहून काढते आहे.

१. आजारापासून सुरुवात करू नका.

एड्स म्हणजे काय, हे युगांडातल्या माणसाला बाहेरच्याने शिकवण्याची गरज नाही. १९८२ मध्ये राकाई जिल्ह्यात, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या कासेन्सेरो या मासेमारांच्या गावात तिथले पहिले रुग्ण आढळले. माणूस झिजत जायचा म्हणून लोक या आजाराला 'स्लिम' म्हणत. १९८७ मध्ये नवरा एड्सने गेल्यावर नोएरिन कालीबा यांनी सोबत्यांसह 'टासो' ही संस्था काढली आणि रुग्णांना आधार द्यायला सुरुवात केली. १९८९ मध्ये फिली लुटाया या लोकप्रिय गायकाने 'मला एड्स झाला आहे' असं जाहीरपणे सांगितलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मरण येईपर्यंत तो शाळा-चर्चमधून बोलत राहिला. सरकारची मोहीमही धीट होती. 'झिरो ग्रेझिंग', म्हणजे खुंट्याला बांधलेल्या जनावराने आपल्याच रिंगणात चरावं तसं वागा, असं ती सरळ सांगायची. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या बहुतेकांनी जवळचं कोणीतरी पुरलेलं आहे. माहिती त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्त आहे.

मग अडतं कुठे? नवरा बाहेर जातो हे बायकोला माहीत असतं. निरोध कुठे मिळतो, फुकट कुठे मिळतो, हेही माहीत असतं. 'आज वापर' एवढं म्हणायची तिची सोय नसते. ती म्हणाली तर तूच कोणाकडे तरी जात असशील म्हणून मार बसतो.

आमचा गट 'सासा!' या पद्धतीने काम करायचा. कंपालातल्याच रेझिंग व्हॉइसेस या संस्थेने ती तयार केली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. सेडोविप या दुसऱ्या स्थानिक संस्थेने ती वस्त्यांमध्ये राबवली. स्वाहिलीत सासा म्हणजे 'आता'. स्त्रियांवरची हिंसा आणि त्यांना होणारा एचआयव्हीचा संसर्ग यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बाई आणि पुरुष यांच्यातल्या सत्तेचा असमतोल, अशी या पद्धतीची मांडणी आहे. सत्तेचे चार प्रकार त्यात धरले आहेत: आपल्या आतलं बळ, दुसऱ्यावर गाजवलेली सत्ता, दुसऱ्याच्या साथीने येणारं बळ आणि काही करून दाखवण्याची ताकद. त्यामुळे पहिल्या काही बैठकांत ना आजाराचं नाव निघायचं, ना मारहाणीचं. विचारायचं एवढंच: तुमच्यावर कोणाची सत्ता चालते?

बोडा-बोडा चालवणारे, म्हणजे मोटारसायकलवरून प्रवासी नेणारे तरुण, या प्रश्नावर तासभर बोलायचे. ट्रॅफिक पोलीस, गाडीचा मालक, घरमालक. अपमान कसा गिळावा लागतो, पोटात काय होतं, रात्री झोप कशी लागत नाही. ते सगळं निघून झालं की कार्यकर्ता विचारायचा, 'आणि तुमच्या घरात शब्द कोणाचा चालतो?' तिथून पुढे आम्हाला फार काही सांगावं लागत नसे.

२. पोस्टरवर उत्तर छापू नका.

'बायकोला मारू नका' असं लिहिलेल्या पोस्टरसमोर कोणी थांबत नाही. वाचलं, पटलं किंवा नाही पटलं, पुढे गेलं. सासा!च्या चित्रांत नुसता एखादा प्रसंग असतो. बाई बाजारातून आलेली, नवरा हात पुढे करून बसलेला, मूल दाराआडून बघतंय. खाली एक प्रश्न. कार्यकर्ती ते चित्र सलूनमध्ये घेऊन जायची, जिथे केसांच्या वेण्या घालायला तीन-चार तास लागतात आणि बायका जागच्या हलत नाहीत. 'ही काय विचार करत असेल?' असं विचारलं, की आधी चित्रातल्या बाईबद्दल बोलणं सुरू व्हायचं, मग शेजारणीबद्दल, मग स्वतःबद्दल. ही चढण सगळ्या एकाच वेगाने चढत नाहीत. काही जणी कित्येक आठवडे चित्रातल्या बाईपाशीच थांबायच्या, आणि त्यांना तिथे थांबू द्यायचं.

नाटकाचंही तेच. वस्तीतली मंडळी रस्त्यात पथनाट्य करायची, ऐन भांडणात थांबायची आणि बघ्यांना विचारायची, आता हिने काय करावं? एकदा एक आजीबाई पुढे आल्या आणि नवऱ्याचं काम करणाऱ्या पोराच्या हातातली काठीच काढून घेतली. मग अर्धा तास काठीवर चर्चा झाली. आमच्या पटकथेत काठी काढून घेणारं कोणी नव्हतंच.

३. पुरुष जिथे बसतात तिथे जा, आणि पुरुषालाच पाठवा.

सभागृहात बैठक ठेवली तर बायका येतात. पुरुष बोडाच्या थांब्यावर लुडो खेळत असतात, झाडाखाली ओमवेसो या तिथल्या खेळाच्या पटावर बिया हलवत असतात, गॅरेजमध्ये किंवा दारूच्या टपरीवर असतात. या पद्धतीत कार्यकर्ते निम्मे पुरुष, निम्म्या बायका असतात, आणि ते त्याच गल्लीत राहणारे असतात. लुडोच्या पटाशेजारी बसून, सोंगटी हलवता हलवता बोलणारा माणूस त्यांच्यातलाच एक असावा लागतो. मी तिथे उभी राहिले की सगळे आदराने उठायचे आणि विषय संपायचा. म्हणून मी जात नसे. दुरून नोंदी घ्यायच्या तर त्याही नकोत. संध्याकाळी तो कार्यकर्ता जे सांगेल ते लिहायचं.

४. जे तुम्हाला आधी खुपतं, ते त्यांनाही आधी खुपत असेल असं धरून चालू नका.

बुगांडात, म्हणजे कंपाला ज्या जुन्या राज्याच्या प्रदेशात आहे तिथे, बाई वडीलधाऱ्यांना, नवऱ्याला, पाहुण्याला गुडघे टेकून अभिवादन करते. शहरातही करते. ऑफिसात साहेबाला फाइल देतानाही एखादी मुलगी चटकन गुडघा वाकवते. समानतेचं काम करायला आलेल्या बाहेरच्या माणसाला ते पहिल्याच दिवशी टोचतं. मलाही टोचलं. आमच्या गटातल्या बायकांनी मात्र कामाची यादी केली तेव्हा गुडघे टेकणं त्यात कुठेच नव्हतं. बाजारातली कमाई हातात राहत नाही, रात्री नको असताना नाही म्हणता येत नाही, मुलगी बारा-तेराची झाली की काळजी वाटते, दवाखान्यात नर्स ओरडते: हे त्यांचे विषय. त्यातलीच एक मला म्हणाली, 'मी वाकते ती माझ्या आईने शिकवलेल्या रीतीने. तो मला रीतीने वागवतो की नाही, ते आधी बघू.' पुढे काही घरांत नवरेही वाकून बायकोला अभिवादन करू लागले, ते आमच्यापैकी कोणी न सांगता. दुसऱ्या काही घरांत ती रीत जशीच्या तशी राहिली, पण मार थांबला. यातलं मोठं काय, ते माझ्या मते ज्या बाईचा मार थांबला तिने ठरवावं.

५. आत्याला सोबत घ्या.

बुगांडात मुलीशी शरीराबद्दल आई बोलत नाही, वडील तर नाहीच. ते काम वडिलांच्या बहिणीचं. तिला सेंगा म्हणतात. पाळी, स्वच्छता, लग्न, पहिली रात्र, शरीरसुख, नवऱ्याला कसं खूश ठेवायचं, सगळं सेंगा सांगते. लग्न ठरताना होणाऱ्या 'क्वांजुला' या सोहळ्यात मुलगा कोणता ते सेंगाच घरच्यांना दाखवते. आपल्याकडे आत्या बारशाला नाव ठेवते; तिथली आत्या भाचीला पुढचं सगळं आयुष्य समजावून देते. शहरात सगळ्यांच्या सख्ख्या आत्या जवळ नसतात, म्हणून कंपालात पैसे घेऊन सल्ला देणाऱ्या सेंगा आहेत, रेडिओवर सेंगांचे कार्यक्रम आहेत, वर्तमानपत्रांत सदरं आहेत. शरीराबद्दल मोकळेपणी बोलणारी, समाजाने मानलेली, वयस्क बाई आयतीच तिथे आहे. ज्या समाजात अशी कोणीच नाही तिथल्या मुलीसाठी, म्हणजे आपल्या बहुतेक मुलींसाठी, मला फार वाईट वाटायचं.

अर्थात सेंगाचं शिकवणं एकसारखं नसतं. 'नवऱ्याला कधीही नाही म्हणू नकोस' हाही त्यातला जुना धडा. योनीचे आतले ओठ किशोरवयात ताणून लांब करण्याची प्रथाही सेंगाच शिकवते, आणि परदेशी पाहुण्यांची नजर लगेच तिथेच जाते. मकेरेरे विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक सिल्व्हिया तमाले यांनी या परंपरेवर बारकाईने लिहिलं आहे. बाईला दबवणारी आणि बाईलाच तिच्या सुखावर हक्क सांगायला शिकवणारी, अशा दोन्ही बाजू त्या एकाच परंपरेत दाखवतात. गटातल्या बायकांशी बोलल्यावर मला ते पूर्ण पटलं. त्यांच्या बोलण्यात लाज कमी आणि हसू जास्त होतं. स्वतःच्या सुखाबद्दल बायका इतक्या निवांतपणे बोलताना मी त्याआधी ऐकल्या नव्हत्या.

आमच्या गटात एक शिवणकाम करणारी सेंगा होती, साठीच्या पुढची. पहिल्या काही महिन्यांत तिचं आणि तरुण कार्यकर्त्यांचं रोज वाजायचं. 'नाही म्हणायला शिकवलं तर तो दुसरीकडे जाईल' हे तिचं म्हणणं. तरुणी म्हणायच्या, 'नाही म्हटलं नाही तरी जातोच की.' तिने हार मानली असं कधी झालं नाही. पण हळूहळू ती मुलींना सांगू लागली की सुख दोघांचं असतं, आणि ज्याला थांब म्हटल्यावर थांबता येत नाही त्याच्या हातून ते होत नाही. पुढे ती क्वांजुलाच्या आधी दोघांनाही चाचणीला घेऊन जायला लागली. मुलगा कुरकुरला तर म्हणायची, 'आत्ता दवाखान्यापर्यंत चालत येत नाहीस, मग पुढे काय चालशील?' मुलग्यांच्या बाजूने हे काम मामाने, तिथल्या भाषेत कोज्जाने, करावं अशी जुनी रीत आहे. ती शहरात जवळजवळ सुटली आहे. तरुणांना कोणी काही सांगतच नाही. फोनवरचे व्हिडिओ सांगतात तेवढंच. म्हणून गटाने काही कोज्जा शोधून तयार केले. माझ्या मते आमच्या सगळ्या कामातलं सर्वात टिकाऊ काम तेच असेल.

६. पैशाबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

युगांडाच्या अनेक समाजांत मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात. गुरं, शेळ्या, पैसे. लग्न मोडलं तर ते परत मागायची प्रथा होती. ते परत करायची ऐपत माहेरी नसली तर मार खाणाऱ्या मुलीला घरचेच परत पाठवायचे. मिफुमी या संस्थेने त्याविरुद्ध लढा दिला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देज परत मागणं घटनाबाह्य ठरवलं. देज देण्याची प्रथा मात्र न्यायालयाने कायम ठेवली. त्याबद्दल आमच्या बायकांत दोन तट होते. एकींना त्यात मान वाटायचा, दुसऱ्यांना विक्री. मी त्यांना आपल्याकडच्या हुंड्याबद्दल सांगितलं, तेव्हा दोन्ही तट एका आवाजात ओरडले: मुलगीही द्यायची आणि वर पैसेही? मग त्यातली एक म्हणाली की पैसा कुठल्याही दिशेने गेला तरी तिला घरी परत यायला जागा उरत नाही. यावर मला काही उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही.

बचतगटाचा पैसा बाईच्या नावावर आला की घरातलं भांडण कधी कमी होतं, कधी वाढतं. नवऱ्याशी बोलणं आधी झालेलं असेल तिथे कमी व्हायचं. तेव्हा आधी चर्चा, मग बचत, हा क्रम आम्ही पाळला.

७. दवाखान्याचे नियम कोणाच्या सोयीने केलेत ते बघा.

गरोदरपणात एचआयव्हीची चाचणी होते, त्यामुळे घरात पहिली चाचणी बहुतेकदा बाईची होते. निदान आधी तिचं झालं की आजार तिनेच आणला असं ठरतं. यावर उपाय म्हणून पुरुषांनी सोबत यावं असा आग्रह सुरू झाला, आणि जोडीने आलेल्यांना रांगेत पुढे घ्यायची पद्धत काही ठिकाणी पडली. हेतू चांगला होता. पण जिचा नवरा येत नाही, जिला नवराच नाही, जी सोळा वर्षांची आहे, ती मागे राहिली. एका मुलीने मला सांगितलं की तिने बोडावाल्याला पैसे देऊन नवरा म्हणून उभं केलं. नर्सबाईंना घेऊन आम्ही वेगळी बैठक घेतली, सत्तेचाच प्रश्न विचारून: तुमच्यावर कोणाची चालते, आणि तुमची कोणावर? त्या बैठकीत रडल्या त्या नर्सच. बारा तासांची पाळी, हातमोजे संपलेले, वरून डॉक्टरांचं बोलणं. त्यानंतर त्यांनी एकट्या येणाऱ्या मुलींसाठी दुपारची वेळ राखून ठेवली.

आणखी एक गोष्ट वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि ती आपल्याकडेही पुष्कळांना माहीत नसते. एचआयव्ही असलेल्या माणसाने रोजची औषधं न चुकता घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका खाली आणला आणि तसाच ठेवला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. एकाला आहे आणि एकाला नाही अशी जोडपी तिथे पुष्कळ आहेत. ही एक माहिती त्यांचे संसार वाचवते. मात्र बाईला औषधाची डबी लपवून ठेवावी लागत असेल, तर न चुकता घेणं कसं जमणार? लपवायची गरज का पडते, तिथे पुन्हा घरातल्या शब्दापाशीच यावं लागतं.

८. कार्यकर्त्याचं घर वस्ती आधी बघते.

व्यासपीठावर कोण काय बोलतो याला वस्तीत किंमत नाही. पातळ पत्र्याच्या भिंतीतून रात्री काय ऐकू येतं, त्याला आहे. एका पुरुष कार्यकर्त्याने घरी पाणी भरायला सुरुवात केली तेव्हा त्याची आई रडली, मुलाला सुनेने काही खाऊ घातलं म्हणून. त्याने आईला समजावलं नाही, नुसतं दोन वर्षं रोज पाणी भरलं. त्याच्या थांब्यावरचे मित्र आधी हसले, मग विचारायला लागले.

घरगुती हिंसेविरुद्धचा कायदा युगांडात २०१० मध्ये झाला. वस्तीचा निवडून आलेला अध्यक्ष, म्हणजे एलसी-वन, अशा तक्रारी ऐकू शकतो. म्हणून त्यालाही पहिल्या दिवसापासून बैठकीत बसवायचं. सगळ्या गोष्टी पोलिसांपर्यंत नेता येत नाहीत, आणि जिथे न्यायलाच हव्यात तिथे बाईसोबत जाणारं माणूस हवं.

९. तीन वर्षांच्या आत निकाल मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या.

सासा!चा अभ्यास झाला आहे. रुबागा आणि मकिंडेमधल्याच आठ वस्त्यांपैकी चार वस्त्यांत काम केलं, चार तशाच ठेवल्या. २००७ ते २०१२ या काळात केलेल्या पाहण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. काम झालेल्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण दुसऱ्या वस्त्यांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी कमी आढळली. वस्त्या आठच, त्यामुळे या आकड्याभोवती अनिश्चितता बरीच आहे, आणि संशोधकांनी ती लपवलेली नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि तिला वर्षं लागली. देणगीदाराला मात्र वर्षाअखेर किती जणांनी सभेला हजेरी लावली याचा तक्ता हवा असतो.

अलीकडे हे काम आणखी अवघड झालं आहे. २०२३ मध्ये युगांडाने समलैंगिकतेविरुद्ध अत्यंत कठोर कायदा केला. काही बाबतींत त्यात देहदंडाची तरतूद आहे, आणि समलैंगिकतेचा 'प्रचार' केल्याबद्दलही तुरुंगवास आहे. ज्यांना तपासणीची सर्वात जास्त गरज, तेच दवाखान्याच्या दारात यायला घाबरतात. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली. तिथली एचआयव्हीची सेवा कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणात त्याच पैशावर उभी होती. फोनवर मैत्रिणी सांगतात, पगारी समुपदेशक गेले. वस्तीतले बिनपगारी कार्यकर्ते आहेत, सेंगा आहेत, लुडोच्या पटावरचे ते पुरुषही आहेत. पण औषध त्यांच्या हातात नाही, आणि कितीही चांगली चर्चा औषधाची जागा घेऊ शकत नाही. हे मला संतापाने सांगावंसं वाटतं.

१०. आपल्या माणसांकडेही तोच प्रश्न घेऊन जा.

कंपालात भारतीय पुष्कळ आहेत. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला; पुढे त्यातले काही परतले, नोकरी-धंद्यासाठी नवे आले. आमची मराठी मंडळी बहुतेक या नव्यांतली. हळदीकुंकवाला, गणपतीला भेटी व्हायच्या. माझं काम काय ते कळल्यावर बायका आधी म्हणाल्या, 'इथल्या लोकांना गरजच आहे गं.' मग एकेकीने स्वयंपाकघरात गाठून विचारायला सुरुवात केली. पाळी जाताना होणारा त्रास, संबंधाच्या वेळी दुखणं, मुलाच्या फोनमध्ये सापडलेलं काहीतरी, नवऱ्याला निरोध नको म्हणून तिसऱ्यांदा राहिलेले दिवस. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं दिली, खटले सोसले. एवढं होऊनही आमच्या पिढीच्या शिकलेल्या बायका हे प्रश्न ओट्यापाशी कुजबुजत विचारतात. मग आम्ही चिठ्ठ्यांचा डबा ठेवला, नाव न घालता प्रश्न टाकायचे, आणि महिन्यातून एकदा एका डॉक्टरबाईंना बोलवायचं.

त्या बैठकांत एकदा सत्तेचे चार प्रकार मांडले. तुमच्यावर कोणाची चालते, याची यादी भराभर झाली. तुमची कोणावर चालते, यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. आमच्या सगळ्यांच्या घरी राहून काम करणाऱ्या मुली होत्या, गावाकडून आलेल्या, काही तर अठराच्या आतल्या. त्यांना सुट्टी किती, आजारी पडल्या तर दवाखान्याचा खर्च कोण करतं, पाळीच्या वेळी लागणारं सामान कोण आणून देतं, त्या झोपतात त्या खोलीला आतून कडी आहे का? घरातल्या किंवा पाहुण्या आलेल्या पुरुषाबद्दल तिला काही सांगायचं असेल तर ती कोणाला सांगेल? कडीच्या प्रश्नावर दोघीजणी रागावल्या, आमच्या घरातल्या पुरुषांवर संशय घेता का म्हणून, आणि त्या पुढच्या बैठकीला आल्या नाहीत. बाकीच्यांनी महिन्याभरात कड्या बसवल्या, रविवारची सुट्टी ठरवली, आणि आमच्या गटातल्या त्या शिवणकाम करणाऱ्या सेंगाला त्या मुलींसाठी महिन्यातून एकदा बोलवायचं ठरलं. ती यायला तयार झाली, पण एका अटीवर: ती मुलींशी बोलत असताना घरमालकिणीने खोलीत थांबायचं नाही.